देव जाणवत नसेल तर एस्तेर वाचा

तुम्ही विचारलंय की रोज पवित्र शास्त्र वाचूनही देव जवळ असल्याचं जाणवत नाही, मग आपला विश्वास खोटा आहे का. मला तसं मुळीच वाटत नाही. पवित्र शास्त्रातल्या जुन्या करारातलं एस्तेरचं पुस्तक काढा. 10 अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. यहुदी लोक पुरीमच्या सणाला ते मोठ्याने वाचतात, आपल्या कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्राएलही. जमलं तर तुम्हीही तसंच वाचा.

मूळ हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही. एस्तेर ही पर्शियाच्या राजाची यहुदी राणी. आपल्या लोकांच्या नाशाचा हुकूम निघाल्यावर ती 3 दिवस उपास करते, लोकांनाही करायला लावते, पण प्रार्थनेचा साधा उल्लेख नाही. पुढे ग्रीक आवृत्तीत प्रार्थनाही आल्या आणि देवाचं नावही आलं. ते मौन लोकांना सोसलं नसावं. मला मात्र मूळ पुस्तकच जास्त खरं वाटतं, कारण आपले बहुतेक दिवस तसेच जातात.

6वा अध्याय सावकाश वाचा. राजाला झोप येत नाही, म्हणून तो बखर वाचून घेतो. त्यात निघतं की एस्तेरला वाढवणाऱ्या तिच्या चुलतभावाने, मर्दखयाने, राजाच्या खुनाचा कट उघडकीला आणला होता आणि त्याबद्दल त्याला काहीच मिळालं नव्हतं. एस्तेर राणी झाली राजाच्या 7व्या वर्षी, राजाचा मुख्य सरदार हामान याने यहुद्यांच्या नाशाचा दिवस ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या 12व्या वर्षी. मधल्या काळातली ती नोंद दप्तरात पडून होती. आणि नेमका त्याच वेळी हामान अंगणात उभा, मर्दखयाला 50 हात उंच खांबावर फाशी द्यायची परवानगी मागायला! राजा त्याच्याच हातून मर्दखयाची घोड्यावरून मिरवणूक काढवतो.

हे देवाने केलं, असं लेखक कुठेच म्हणत नाही. मर्दखयाला काही खूण मिळाली, असंही नाही. मिरवणूक संपल्यावर तो पुन्हा राजवाड्याच्या दाराशी जाऊन बसतो. तुम्ही काही जाणवत नसतानाही रोज शास्त्र उघडता, तो विश्वासच आहे हो.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 88 घ्या. बहुतेक विलापस्तोत्रं, म्हणजे दुःखाची गाऱ्हाणी, शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, गाण्यासाठी आहे, आणि त्यातली सगळी तक्रार थेट देवाकडेच केलेली आहे. तुम्हीही तशी करा.