डबल मार्करमध्ये (बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता सांगणारी रक्ततपासणी) १:१८० 'हाय रिस्क' आलंय, १३वा आठवडा सुरू आहे. आहारात काय बदल केला तर पुढचा रिपोर्ट चांगला येईल?

काहीही खाल्लंत तरी यात फरक पडणार नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण 'काय खाल्लंस म्हणून असं झालं' हे मी पहिल्या वेळी इतक्या जणींकडून ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझा आकडा १:१४० होता, वय ३३. सोनोग्राफीत एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी) नॉर्मल, नाकाचं हाडही दिसत होतं, पण रक्ताच्या रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय रिस्क'. रिपोर्ट नवऱ्याच्या व्हॉट्सॲपवर आला आणि आम्ही डॉक्टरांकडे पोचायच्या आत घरभर झाला. मावससासूबाई तेव्हा मुक्कामाला होत्या. त्यांनी एकेक गोष्ट काढली: ग्रहणात भाजी चिरली, स्कूटरवरून ऑफिसला जाते, पपई खाल्ली. (पिकलेली होती. पिकलेल्या पपईने काही होत नाही.) माझ्या आईला फोन गेला, मुलीला नीट समजावा म्हणून. आणि याच मावशी रोज सकाळी मागच्या दारी बसून मिश्री लावायच्या, सहाव्या महिन्यातल्या स्वतःच्या सुनेलाही 'दात शिवशिवतात तर लाव जराशी' म्हणून द्यायच्या. पोटातल्या बाळाला खरा अपाय कशाने होत असेल तर त्या डबीतल्या तंबाखूने. बाळाचं वजन कमी भरतं, दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

डॉक्टरांकडे जाताना मी सासूबाईंना सोबत नेलं. डॉक्टरांनी आधी शेवटच्या पाळीची तारीख आणि वजन फॉर्मवर बरोबर भरलंय का ते पाहिलं. मग रिपोर्टच्याच कोपऱ्यात पेनाने '१३९' लिहिलं. असा आकडा आलेल्या १४० जणींपैकी १३९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो. लॅबने १:२५० वर रेघ मारलेली असते, त्याच्या अलीकडे आलं की लाल छापतात. शिवाय डाऊनमध्ये २१वं गुणसूत्र जास्तीचं येतं ते बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच, म्हणजे गर्भ राहायच्याही आधी. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे हिच्या खाण्यामुळे नाही?" डॉक्टर म्हणाल्या, "अजिबात नाही." घरी जाऊन सासूबाईंनी तेच बहिणीला सांगितलं आणि विषय त्या दिवशी बंद झाला.

सोळाव्या आठवड्यानंतर ॲम्निओ केली, म्हणजे थोडं गर्भजल काढून बाळाची गुणसूत्रं तपासली. सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात, दुखण्यापेक्षा धास्ती जास्त. रिपोर्ट नॉर्मल आला. वेगळा आला असता तरी पपईचा आणि ग्रहणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, हे मी आजही मावशींना तोंडावर सांगते.

तेव्हा तुम्ही पहिलं काम हे करा: लॅबमध्ये नंबर स्वतःचा द्या. रिपोर्ट तुमच्या रक्ताचा आहे, कुणाला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. नवऱ्याला डॉक्टरांसमोर बसवा, त्यांनी परस्पर फोनवर नातेवाइकांना विचारत बसू नये.

खाण्याबद्दल विचारलंत म्हणून: फोलिक ॲसिड चालू ठेवा, पण ते बाळाच्या मणक्यासाठी आणि मेंदूसाठी असतं, या आकड्यासाठी नाही. उलट्या होत असतील तर थोडं थोडं खा, सकाळी उठल्या उठल्या कोरड्या लाह्या किंवा खाकरा. लोहाची गोळी सुरू झाली की चहासोबत घेऊ नका, लिंबू-पाण्यासोबत चालते. मिश्री, गुटखा, दारू बंद, आणि घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर त्याला बाहेर पाठवा.

एनआयपीटी ही आईच्या नुसत्या रक्तावरची तपासणी, डाऊनसाठी खूप भरवशाची, तरी तीसुद्धा चाळणीच, म्हणजे फक्त शक्यता सांगणारी. पक्कं निदान ॲम्निओने किंवा सीव्हीएसने (वारेचा बारीक नमुना घेऊन करतात ती तपासणी) होतं. मात्र एनटी ३.५ मिमी किंवा जास्त असेल तर एनआयपीटीत वेळ न घालवता बरेच डॉक्टर थेट पुढची तपासणी सुचवतात. जुळं असेल किंवा आयव्हीएफ असेल तर हिशेब वेगळा, माझ्या अनुभवावर जाऊ नका. आणि लांबणीवर टाकू नका: ॲम्निओचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि गर्भपाताचा विचार करायची वेळ आलीच तर २० आठवड्यांनंतर कायद्याने एकाऐवजी दोन डॉक्टरांचं मत लागतं, २४ नंतर मेडिकल बोर्ड. याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.