जिवलग मित्र ‘भाई’ व्हायच्या नादात एकमेकांच्या जिवावर का उठतात?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ 16 वर्षांचा. तो धरून पहिलीपासून एकत्र असलेले चौघे मित्र वर्षभरापूर्वी वस्तीतल्या एका दादाच्या मागे फिरायला लागले, ‘एरियात आपलं नाव पाहिजे’ ही भाषा सुरू झाली, मारामारीची केस झाली, आणि आता त्यांच्यातलेच दोघे तुमच्या भावाला ‘बघून घेतो’ म्हणतायत. इतक्या वर्षांची दोस्ती अशी कशी फिरली आणि घरच्यांनी आता काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात वकिली करतो. येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे 18 च्या आतल्या मुलांची प्रकरणं जिथे चालतात तिथे, अशा पोरांची कामं चालवतो, म्हणून बोलतो ते पुण्याबद्दल. मुलांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे खाली नावं नाहीत आणि दोन-तीन प्रकरणांतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.

घरच्यांना वाटतं की बाहेरच्या कुणीतरी पोरांच्या दोस्तीत काडी घातली. माझा अनुभव वेगळा आहे. नाव व्हायचं म्हणजे आपल्याला टरकणारं कुणीतरी हवं. चौकातला अनोळखी माणूस टरकतो, पण ज्याने तुम्हाला सहावीत मास्तरांच्या छडीने रडताना पाहिलंय, ज्याच्या घरी तुम्ही शिळी भाकरी वाटून खाल्लीय, तो टरकत नाही. तो सगळ्यांसमोर तुम्हाला जुन्या टोपणनावाने हाक मारतो, हसतो, पाठीत धपाटा घालतो. ज्याला ‘भाई’ म्हणवून घ्यायचंय त्याला हे चारचौघांत चालत नाही. म्हणून पहिली धमकी शत्रूला जाते आणि दुसरी बऱ्याचदा मित्राला.

तीन पोरांचं उदाहरण देतो. एक गॅरेजमध्ये हाताखाली होता, एकाच्या वडिलांची रिक्षा होती, तिसरा रोज पहाटे पोलीस भरतीसाठी पळायचा. तिघांची घरं एकाच गल्लीत, गणपतीत एकाच पथकात ढोल. त्यांच्या दादाचा वाढदिवस झाला तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. असे फ्लेक्स तुम्ही पाहिले असतील: मधोमध गॉगल लावलेला दादा, बाजूला मोठ्या चेहऱ्यांची एक रांग आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून स्टॅम्पएवढ्या फोटोंची रांग. तिघं खालच्या रांगेत शेजारी शेजारी होते. पुढच्या वर्षी गॅरेजवाला वरच्या रांगेत गेला आणि बाकीचे दोघं खालीच राहिले. रिक्षावाल्याच्या पोराने मला हे इतक्या बारकाईने सांगितलं की तो फ्लेक्स मी पाहिलाय असं मला वाटायला लागलं. कुणाचा फोटो कुणाच्या खांद्याशी होता, कुणाच्या नावापुढे ‘भाऊ’ लावलं होतं आणि कुणाच्या नाही. केसबद्दल विचारलं तर तो दोन शब्दांत उत्तर द्यायचा, फ्लेक्सबद्दल बोलताना त्याचा आवाज चढायचा. त्यांची दोस्ती तिथेच उसवायला लागली होती. पोलीस पुढे दीड वर्षाने आले.

वरच्या रांगेत जायचं तर काहीतरी करून दाखवावं लागतं. पुण्यात यासाठी बहुतेक वेळा कोयता हातात येतो, कारण तो शेतीचं अवजार म्हणून, नारळ-ऊस तोडायला म्हणून, सहज मिळतो. 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला शहरात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांचा इतका सुळसुळाट झाला की पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघायला सांगितलं. आधी रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या काचा फुटतात. रिक्षा, टेम्पो, स्कूटर. त्या उलट मारत नाहीत, आणि सकाळी अख्खी गल्ली त्यावरच बोलते. पोरांना तेच हवं असतं. ज्यांच्या गाड्या फुटतात ती याच वस्तीतली कष्टकरी माणसं, कर्जाचे हप्ते फेडणारी, याचा त्या रात्री कुणी विचार करत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त राग याचा येतो. या तिघांनी गाड्या फोडल्या त्या रात्री व्हिडिओ काढला तो भरतीवाल्याने. त्याने कशालाच हात लावला नव्हता. पण व्हिडिओत हसण्याचा आवाज त्याचा होता, फोन त्याचा होता, आणि तो फोन पुढे पंचनाम्यात आला.

मग दहीहंडीच्या दिवसांत शेजारच्या वस्तीतल्या एका पोराशी ‘खुन्नसने का बघतो’ यावरून वाजलं. कोयत्याचा वार डोक्यावर. पोरगा बरेच दिवस ससून रुग्णालयात होता. वाचला.

आता कायदा बघा, कारण पोरांना ‘आपण लहान आहोत, काही होत नाही’ असं सांगितलेलं असतं आणि त्यात अर्धंच खरं असतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 18 पूर्ण न झालेल्या मुलाला कोठडीत टाकता येत नाही, 24 तासांच्या आत मंडळापुढे आणावं लागतं, आणि जामीन हा नियम आहे. पण वय मोजतात गुन्ह्याच्या दिवशीचं, आणि ते आधी शाळेच्या दाखल्यावरून. आमच्या वस्त्यांमधल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जून असतो असं वाटावं इतके 1 जून मी पाहिलेत. शाळा उघडायच्या वेळी गुरुजींनी लिहिलेली तारीख. गॅरेजवाल्याच्या आईचं म्हणणं, तो दिवाळीत झाला. घरीच बाळंत झाल्यामुळे महापालिकेत नोंद नाही. दाखल्यावर 1 जून. दाखल्याप्रमाणे त्या दिवशी त्याला 18 वर्षं आणि दोन-अडीच महिने झाले होते. आईच्या हिशोबाने अजून तीन महिने बाकी होते. दाखला असेल तर वय ठरवायच्या हाडांच्या तपासणीपर्यंत गोष्ट जात नाही. तो येरवड्याच्या तुरुंगात गेला. बाकीचे दोघं येरवड्यातल्याच निरीक्षणगृहात, म्हणजे अशा मुलांना ठेवतात तिथे.

इथून पुढे दोस्ती टिकणं जवळपास अशक्य होतं. कायदाच सांगतो की सज्ञान आरोपी आणि बालक यांचा खटला एकत्र चालवता येत नाही. म्हणजे एकाच रात्रीची हकीगत दोन ठिकाणी, दोन वेगळ्या वकिलांकडून सांगितली जाते. तिकडे म्हणायचं, कोयता त्या लहानाच्या हातात होता. इकडे म्हणायचं, मोठ्याने चिथावलं. यात वकिलांचाही दोष नाही, ज्याचं वकीलपत्र घेतलंय त्याच्यासाठीच बोलावं लागतं. शिवाय समान इरादा असेल तर वार कुणीही केलेला असो, जबाबदारी सगळ्यांची असते. ‘मी नुसता उभा होतो’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकतो तितक्या वेळा पोराला सांगावं लागतं की तुझं उभं राहणंच आता दुसऱ्याला सिद्ध करायचंय. जो मित्र म्हणून बरोबर नेला होता, तो साक्षीदार होतो.

जखमी पोरगा वाचला नसता तर? खुनासारख्या, किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात मुलगा 16 ते 18 चा असेल तर मंडळ त्याच्या समजुतीची प्राथमिक तपासणी करतं आणि त्याचं प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं, जिथे त्याला मोठ्यांसारखं उभं करता येतं. खुनाच्या प्रयत्नात किमान शिक्षा ठरलेली नसल्यामुळे तो या वर्गात बसत नाही. तो कोवळा जीव ससूनमध्ये काय करेल यावर या दोघांचं पुढचं आयुष्य कोणत्या कलमात बसणार ते लटकलं होतं, आणि हे दोघांनाही माहीत नव्हतं.

आणि दादा? ‘वकील मी देतो’ असं तो तिघांच्याही घरी म्हणाला होता. दिला एकाला, ज्याचा पुढे उपयोग होता त्याला. भरतीवाल्याच्या आईने कानातलं मोडलं. तारखेला ती बाकाच्या एका टोकाला बसायची आणि रिक्षावाल्याची बायको दुसऱ्या टोकाला. वर्षानुवर्षं एका नळावर पाणी भरलेल्या बायका.

ज्यांना वाटतं की वर पोचल्यावर तरी इमान सापडतं, त्यांनी पुण्यातला गुंड शरद मोहोळ याचा शेवट आठवावा. 5 जानेवारी 2024, कोथरूडची सुतारदरा, भर दुपार. पोलिसांच्या तपासानुसार गोळ्या झाडणारे त्याच्याच बरोबर वावरणारे होते, आणि मुख्य आरोपी विशीचा पोरगा. ज्यांच्या गराड्यात चालल्यावर रुबाब वाटायचा, धोका त्याच गराड्यात होता.

आता तुमच्या भावाबद्दल. त्याच्या मित्रांना शिव्या देऊ नका, त्याने तो उलट तिकडे ओढला जाईल. बोलायचं ते दादाबद्दल आणि पैशाबद्दल. पेट्रोल कोण घालतं, मोबाईल कुणी घेऊन दिला, टी-शर्ट कुठून आले. ती देणी घरातून फेडता येत असतील तर फेडून टाका, पोरगा त्या उपकारात अडकलेला असतो. दादाने वकील देऊ केला तर नको म्हणा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला मोफत वकील मिळतो, तो हक्क आहे. आमच्याकडे शिवाजीनगर कोर्टात त्यांचं कार्यालय आहे, प्रत्येक जिल्हा न्यायालयात असतं.

धमकी येतेय ती लेखी द्या. पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी म्हणून एक अधिकारी नेमलेला असतो, त्याला भेटा, आणि अर्जात पोरांपेक्षा दादाचा उल्लेख ठळक करा. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 मध्ये त्याला किमान 3 आणि कमाल 10 वर्षांची शिक्षा आहे, आणि बाल न्याय कायद्यातही तरतूद आहे. लोक पोरांविरुद्ध तक्रार देतात आणि त्यांच्या हातात कोयता देणारा मोकळा राहतो. भीती वाटत असेल तर आधी 1098 या हेल्पलाइनवर बोला, तिथे मुलांसाठीच मदत मिळते.

मुलाची घरची परिस्थिती बघणारा परिवीक्षा अधिकारी घरी येईल, सामाजिक तपासणी अहवाल लिहील. बरीच कुटुंबं त्याच्यापुढे ‘आमचा पोरगा लय साधा’ एवढंच म्हणतात. खरं सांगा. वडील पितात का, शाळा कधी सुटली, कुणाची भीती आहे. मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, ते हा अहवाल खरंच वाचतात, आणि आयटीआय, समुपदेशन, देखरेख असे आदेश त्यातूनच निघतात. मामाकडे गावी पाठवायचा उपाय सगळेच करतात. तिथे त्याला रोजचं काम असेल तर उपयोग होतो. नुसता फोन घेऊन ओट्यावर बसणार असेल तर तो इथल्या ग्रुपवरच राहतो.

एक गोष्ट त्याला स्वतःला सांगा, कारण या पोरांना कुणी ती सांगतच नाही. मंडळाने बालक म्हणून प्रकरण निकाली काढलं तर त्या दोषामुळे पुढे नोकरीला अपात्र ठरवता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदही नष्ट करायची असते. मोठा म्हणून बाल न्यायालयात दोषी ठरला तर ही सवलत मिळत नाही. भरतीवाला पोरगा हे ऐकून पहिल्यांदा सरळ बसला. नंतर मला त्याने अर्जातल्या कुठल्या रकान्यात काय लिहायचं हेही विचारलं.

बाकीच्या तिघांच्या आयांशीही बोला, पोरांना न सांगता. सोपं नाही, कारण प्रत्येक घराला वाटतं की आपला पोरगा दुसऱ्यामुळे बिघडला. पण ‘बघून घेतो’ म्हणणाऱ्या पोरालाही कुणीतरी आई आहे आणि तिलाही रात्री झोप नाही. माझ्या एका प्रकरणात दोन आयांनी मिळून पोलीस ठाण्यात दादाविरुद्ध एकच अर्ज दिला. पोरांची दोस्ती परत जुळली नाही. कोयते मात्र परत निघाले नाहीत.

तुम्ही कोणत्या जिल्ह्यात आहात, पुढची तारीख कधी आहे, आणि घटनेच्या दिवशी चौघांपैकी कुणाचे शाळेच्या दाखल्यावर 18 पूर्ण झाले होते, एवढं खाली लिहा. नावं आणि केसचा नंबर टाकू नका. जामिनाच्या आदेशात कुणाला भेटायचं नाही अशी अट आहे का तेही बघून ठेवा. तशी अट असेल तर भावाने त्या पोरांशी फोनवरही बोलू नये, अगदी समेटासाठीसुद्धा नाही.