गाडीच्या नंबर प्लेटवर ‘डॉक्टर’ किंवा ‘ॲडव्होकेट’ लिहून घेतलं तर चालतं का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: स्वतःच्या स्कूटरच्या प्लेटवर लाल क्रॉस आणि ‘डॉक्टर’ असं लिहून घ्यावं का, आणि वकील असलेल्या भावाने कारच्या प्लेटवर वकिलांच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडचा स्टिकर लावलाय, तो चालेल का. दोन्ही प्लेटवर चालणार नाहीत. ‘प्रेस’, ‘पोलीस’, ‘महाराष्ट्र शासन’, गावाचं नाव, देवाचं चित्र, कशालाच तिथे जागा नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ५० आणि ५१ या दोन नियमांत प्लेटवर काय असावं, किती मापाचं आणि कोणत्या रंगात, हे सगळं ठरलेलं आहे. त्यात नोंदणी क्रमांक आणि एचएसआरपीच्या (म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटच्या) सुरक्षा खुणा येतात. पेशा कुठेच येत नाही. अक्षरं इंग्रजी आणि आकडे १, २, ३ नव्हे तर आंतरराष्ट्रीय पद्धतीचे, असंही त्यात आहे. म्हणजे हौसेने मराठी आकड्यांत रंगवलेली प्लेटही नियमात बसत नाही.

हे नुसतं कागदी नाही, ते माप घेऊन बघा. तुमच्या स्कूटरची मागची प्लेट २०० × १०० मिलिमीटरची असते. नियमाप्रमाणे वरच्या ओळीतली अक्षरं ३५ मिमी उंच, खालचे आकडे ४० मिमी, रेषेची जाडी ७ मिमी आणि दोन अक्षरांमध्ये ५ मिमी अंतर. ३५ आणि ४० मिळून ७५ झाले. उरले २५ मिमी. त्यातच वरची कड, खालची कड आणि दोन ओळींमधली फट. म्हणजे प्रत्येकी जेमतेम ८ मिमी. आता यात ‘डॉक्टर’ बसवायचं तर पेंटर एकच गोष्ट करू शकतो: आकडे लहान आणि बारीक करतो. मग रात्री, पावसात, पन्नास फुटांवरून ३ आणि ८ सारखेच दिसतात. कॅमेऱ्याने चुकीचा आकडा वाचला की ई-चलान भलत्याच माणसाला जातं. आणि अपघात करून गाडी पळाली तर बघणाऱ्याच्या हाती तो नंबर तेवढाच असतो. माझा आग्रह आहे तो खरं तर यासाठी, दंडासाठी नाही.

दंडाचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडलात तर १५०० रुपयांपर्यंत.

लाल क्रॉसचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि बऱ्याच डॉक्टरांनाही तो माहीत नसतो. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे वैद्यकीय पेशाचं चिन्ह नाहीच. ते रेड क्रॉसचं आणि युद्धकाळातल्या लष्करी वैद्यकीय सेवेचं संरक्षणचिन्ह आहे. जिनिव्हा करारांसंबंधी १९६० च्या भारतीय कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही; प्लेटवर नाही, काचेवर नाही, दवाखान्याच्या पाटीवरही नाही. तेव्हा ते सोडूनच द्या. काठीभोवती साप असलेलं चिन्ह किंवा नुसतं ‘डॉ.’ पुरेसं आहे. वैद्यकीय संघटनेचे सभासद असाल तर त्यांचा स्टिकर घ्या.

अशोकस्तंभाचंही तसंच. राजमुद्रा गाडीवर कोणी लावायची हे २००५ च्या कायद्याने आणि २००७ च्या नियमांनी ठरलेलं आहे, इतरांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि पोलीस नसताना फसवण्याच्या हेतूने ‘पोलीस’ची खूण बाळगली तर प्रकरण वाहतुकीच्या दंडावर थांबत नाही, भारतीय न्याय संहितेत जातं.

मग लावायचं कुठे? स्कूटरला पुढच्या एप्रनच्या आतल्या बाजूला किंवा डिकीच्या झाकणावर, प्लेट आणि दिव्यांपासून दूर. कारला मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतून, तळहाताएवढा. पुढच्या काचेवर वरच्या डाव्या कोपऱ्यात पुढच्या-मागच्या प्लेटबरोबर मिळणारा एचएसआरपीचा तिसरा भाग, म्हणजे नोंदणीचा स्टिकर असतो (पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी), तो झाकू नका. भावाला मी सांगेन की कोर्टाच्या पार्किंगसाठी बार असोसिएशनचं कार्ड डॅशबोर्डवर ठेवावं आणि बाहेर पडताना काढावं. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गाड्यांवर पद आणि पेशा मिरवायला मनाई केली, तेव्हाही पार्किंगचे स्टिकर वगळले होते. तो आदेश तिकडच्या भागापुरता होता, पण तिकडे गाडी घेऊन जाणार असाल तर लक्षात असू द्या.

स्टिकर असला म्हणून सिग्नल तोडायची किंवा नो पार्किंगमध्ये गाडी लावायची सवलत मिळत नाही. तातडीच्या रुग्णाकडे जाताना हवालदाराने अडवलंच तर वैद्यकीय परिषदेचं ओळखपत्र दाखवा. स्टिकर कुणीही विकत घेतो, हे त्यांनाही ठाऊक असतं.

भावाच्या प्लेटवरचा स्टिकर काढताना घाई नको. हेअर ड्रायरने मिनिटभर कोमट करून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचला, उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने हळूहळू सोडवा. थिनर, पेट्रोल किंवा ब्लेड लावलं की खालची परावर्तक फिल्म निघते आणि उठावाच्या अक्षरांवरचा काळा थर जातो. गेलेला काळा थर मार्करने भरू नका. बदली प्लेट मागवा.

तुमची स्कूटर १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी बसवणं तसंही बंधनकारक आहे. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या आरटीओचा कोड निवडला की नेमलेल्या कंपनीचं पान उघडतं. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ५३१. कारला ७४५ अधिक जीएसटी. रस्त्यावरच्या दुकानात मिळणारी ‘तशीच दिसणारी’ घेऊ नका: तिच्यावर होलोग्रामचा नुसता स्टिकर असतो आणि लेझरने कोरलेला क्रमांक नसतो. खऱ्या प्लेटवरचा तो क्रमांक नखाने घासला तरी जात नाही, आणि ती बसवताना वापरलेलं स्नॅप लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. बसवून झाल्यावर पुढच्या आणि मागच्या प्लेटवरचे कोरलेले क्रमांक पावतीशेजारी लिहून ठेवा. प्लेट चोरीला गेली तर तक्रारीत तेच द्यावे लागतील.