10 कोंबड्यांसाठी खुराडं बनवून घ्यायचंय, फॅब्रिकेशनवाला 38 हजार सांगतोय, एवढा खर्च करावा का?

नाही, 38 हजार देऊ नका. आणि तुम्ही जो 9 हजारचा ऑनलाइन लाकडी खुराडा बघून ठेवलाय तोही घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की पनवेलजवळ घराच्या मागे थोडी जागा आहे, 10 गावरान कोंबड्या ठेवायच्यात, अंडी घरापुरती आणि उरली तर शेजाऱ्यांना. एवढ्यासाठी माझ्या मते 15 हजारात चांगलं मजबूत खुराडं होतं, फार तर 18. फक्त त्यातला पैसा कुठे जातोय त्यावर तुमचं लक्ष पाहिजे.

मी चिपळूणच्या बाजूला राहतो, घरी कोंबड्या आजीच्या काळापासून आहेत, आणि खुराडं मी 2 वेळा बनवून घेतलंय. पहिलं चुकलं. 22 हजार दिले होते, दिसायला एकदम छान, हिरवा ऑइलपेंट, लाल पत्रा, खाली चाकं, पुढे नक्षीचं दार. जाळी मात्र ती षटकोनी भोकांची, पातळ तारेची, जी सगळे कोंबडी जाळी म्हणून विकतात. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं आणि बनवणाऱ्यानेही काही सांगितलं नाही. जुलैतल्या एका रात्री कांडेचोर आला (तुमच्याकडे उदमांजर म्हणत असतील), धो धो पाऊस, त्या आवाजात आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. सकाळी आई दार उघडायला गेली आणि तशीच परत आली, बोलली काहीच नाही, नुसतं हाताने बोलावलं. 9 पैकी 6 गेल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात जाळी वेल्डिंगच्या टाक्यापासून सुटून आत वळली होती, माझा हात मनगटाच्या वर आत जात होता. एक खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांवरच मेली होती, 11 अंडी होती खाली, सगळी गार. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

तर जाळी घ्यायची ती वेल्डमेश (आडव्या-उभ्या तारा वेल्ड केलेली), अर्धा इंची चौकोन, जीआयची म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली. कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो, आणि 1 इंचापेक्षा मोठ्या भोकातून मुंगसाचं पिल्लू, साप, उंदीर सगळं जातं. जाळी नुसती टाके मारून नको, वरून पट्टी ठेवून नटबोल्टने आवळून घ्या, म्हणजे पुढे खराब झाली तर तेवढाच तुकडा बदलता येतो. दुसरं म्हणजे कडी, साधी खिटी नको, टॉवर बोल्ट आणि त्याला छोटं कुलूप. तिसरं तळ. घूस खालून उकरून येते, त्यामुळे एकतर खाली चिऱ्याचा नाहीतर विटेचा चौथरा करून कोबा, किंवा खुराडं दोन अडीच फूट उंच पायांवर आणि तळालाही तीच जाळी. मी दुसऱ्या वेळी चौथरा केला, चिरे घरचेच पडून होते, गवंड्याचा एक दिवस आणि दोन गोणी सिमेंट एवढाच खर्च.

आता माप. रात्री झोपायला एका कोंबडीला दोन चौरस फूट धरा, म्हणजे 10 ना 20, तर 6 बाय 4 चं खुराडं पुष्कळ झालं, दिवसभर त्या मोकळ्याच फिरणार असतील तर. 6 बाय 4, उंची 5 फूट, अशा सांगाड्याला 1 इंची चौकोनी पाइपाच्या 5 लांब्या (20 फुटी अख्खे पाइप) लागतात, 16 गेजची एक लांबी साधारण 7 किलो भरते, म्हणजे 35 किलो लोखंड. फॅब्रिकेशनवाल्याला नगावर भाव विचारूच नका, मजुरीसकट किलोचा भाव विचारा आणि समोर काट्यावर वजन करून घ्या. मला दुसऱ्या खेपेला सांगाडा साडेचार हजारात पडला, जाळी जवळजवळ 3 हजार, पत्रा आणि बाकी सामान साडेतीन, चौथरा आणि किरकोळ धरून सगळं 14 च्या आत. तुमच्या 38 मधले उरलेले कशाचे आहेत ते त्याला विचारा, बहुतेक रंग, चाकं, डिझाइन हेच निघेल.

अंड्यांचा हिशोबही करून बघा. गावरान कोंबडी वर्षाला 60-80 अंडी देते, मध्ये खुडूक बसते, पिसं गाळते. 10 कोंबड्यांची 700 धरली आणि अंडं 12 रुपयाला गेलं तरी 8400, त्यातून दाणा वजा. 38 हजार वसूल व्हायला किती वर्षं जातील बघा. गिरिराज, वनराज या सुधारित जाती घेतल्या तर अंडी दुपटीच्या आसपास जातात, पण त्यांना खाद्यही लागतं आणि त्या अंगाने जड, बसायची काठी कमी उंचीवर लावावी लागते.

ऑनलाइनवाल्याबद्दल. त्यात 8-10 कोंबड्या असं लिहितात तेव्हा पुढचा जाळीचा भाग आणि अंड्याची पेटी सगळं धरून लिहितात. झोपायच्या जागेची मापं काढून गुणाकार करा, मग कळेल. शिवाय ते लाकूड आपल्या पावसाळ्यात फुगतं, दार लागत नाही, आणि फटींमध्ये उवा गोचीड होतात त्या काही केल्या जात नाहीत.

पत्रा चारी बाजूंनी दीड दोन फूट बाहेर काढा, निदान पश्चिमेला तरी, पाऊस तिकडूनच झोडपतो. पण म्हणून भिंती बंद करू नका, वरचा भाग चारी बाजूंनी जाळीचाच ठेवा. खाली भाताचं तूस टाकाल ते ओलं झालं की विष्ठेचा वास डोळ्यात जातो, आपल्याला झोंबला म्हणजे कोंबडीला कधीच झोंबलेला असतो. अंडी घालायला पेट्या बनवून घेऊ नका, फळांचे प्लास्टिकचे क्रेट 3 ठेवा, आत पेंढा, 10 जणींना पुरतात.

वाचलेल्या पैशातून आधी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस करून घ्या. कुपी एकदम 100 पिल्लांची येते, तुम्हाला 10 साठी परवडणार नाही, म्हणून जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आसपास अजून कोणाच्या कोंबड्या असतील तर एकाच दिवशी सगळ्यांच्या होतात.

आणि दार एवढं मोठं ठेवा की तुमच्या घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस फार न वाकता झाडायला आत जाऊ शकेल. आमच्या पहिल्या खुराड्याचं दार अडीच फुटी होतं, आई गुडघ्यावर बसून साफ करायची, दुसऱ्या वेळी पहिलं माप मी तिचंच घेतलं.