पाऊच पॅकिंग मशीनवर ६ सर्वो (नेमक्या जागी थांबणाऱ्या मोटर) आहेत. पल्सवर (प्रत्येकीला वेगळ्या वायरीने सिग्नल) चालवू की इथरकॅटवर (सगळ्यांना जोडणारं नेटवर्क)?

सहा अक्षं (म्हणजे सहा मोटर) एकमेकांशी ताल धरून चालणार असतील तर इथरकॅट घ्या. पल्स-डायरेक्शन दोन-तीन सुट्या अक्षांना ठीक आहे.

हिशोब करून बघा. १७ बिट एन्कोडर (मोटरची जागा मोजणारा सेन्सर) म्हणजे एका फेऱ्यात १,३१,०७२ काउंट. मोटर ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे मारते, म्हणजे पूर्ण रिझोल्यूशनला सेकंदाला साधारण ६५ लाख पल्स लागतील. पीएलसीचं (मशीनच्या कंट्रोलरचं) आउटपुट २०० किलोहर्ट्झचं असेल तर फेऱ्याला ४००० पल्सच मिळतात. बाकी इलेक्ट्रॉनिक गिअरवर (एका पल्सला अनेक काउंट धरायची सेटिंग) भागवायचं. शिवाय प्रत्येक ड्राइव्हला (मोटर चालवणाऱ्या युनिटला) पल्स, एनेबल, अलार्म, होमिंगच्या (सुरुवातीची जागा शोधण्याच्या) वेगळ्या वायरी. पॅनेलमध्ये नुसता शेवयांचा गुंता! त्यात व्हीएफडीचा (साध्या मोटरचा वेग बदलणाऱ्या युनिटचा) विद्युत नॉइज शिरला की पल्स हरवतात आणि पाऊचचं सील हळूहळू सरकत जातं. असा दोष शोधताना दोन दिवस घालवलेत मी, शेवटी शील्डचं अर्थिंग सुटलेलं निघालं.

इथरकॅटमध्ये ड्राइव्हपासून ड्राइव्हला एकच लॅन केबल. कंट्रोलर दर १ मिलिसेकंदाला सगळ्यांना नवी पोझिशन देतो आणि डिस्ट्रिब्युटेड क्लॉकमुळे (सगळ्यांची घड्याळं जुळवणाऱ्या सोयीमुळे) सगळे ड्राइव्ह १ मायक्रोसेकंदाच्या आत एका ठेक्यावर येतात. फॉल्ट कोडही त्याच केबलवरून थेट स्क्रीनवर.

मात्र ड्राइव्ह 'सीआयए ४०२' प्रोफाइलचा (ड्राइव्हसाठीच्या ठरलेल्या मानकाचा) आहे ना, सीएसपी मोड (कंट्रोलरने ठरावीक वेळाने पोझिशन देण्याची पद्धत) देतो ना, हे ऑर्डरआधी विचारा. आणि सेफ्टीसाठी एसटीओची (मोटरचा जोर सुरक्षितपणे बंद करणाऱ्या सोयीची) वायर वेगळी ओढाच, तिथे काटकसर नको.