बोअरच्या पाण्यामुळे डिशवॉशरमध्ये पांढरा थर साचतो, काय करावे?

हा थर बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचा असल्यामुळे, विशेषतः विदर्भातील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातील (खाऱ्या भूजलाच्या) गावांत, यंत्राच्या तळाशी असलेल्या टाकीत डिशवॉशरचेच जाड मीठ नियमित भरावे. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ कृपया मुळीच घालू नये. हे मीठ भांडी घासत नाही, तर पाणी मऊ करणाऱ्या रेझिनला पुन्हा कार्यक्षम करते. महिन्यातून एकदा रिकाम्या यंत्रात दोन-तीन चमचे सायट्रिक ॲसिड टाकून 65 ते 70 अंशांवर धुलाई चालवावी. जाळी दर आठवड्याला जुन्या ब्रशने घासावी. आमच्या जाळीत बहुधा तुरीच्या डाळीची टरफले निघतात, म्हणून गंजाला (पातेल्याला) चिकटलेला झुणका आधीच खरवडून टाकलेला बरा. फवाऱ्याची छिद्रे काडीने मोकळी करावीत.