जर्मनीत राहून पासपोर्ट रिन्यू करताना: नाव, पारोळ्याचा पत्ता आणि बांधावरची केस

ताई, तुमचे तीन प्रश्न आहेत असं धरतो. तुमचा पासपोर्ट पुढच्या मे महिन्यात संपतोय, तर तो जर्मनीतच करायचा की दिवाळीला गावी आल्यावर? करतानाच सासरचं नाव लावून घ्यायचं का? आणि मिस्टरांच्या नावावर अमळनेर तालुक्यात भावकीच्या भांडणातली केस आहे, तिच्यामुळे त्यांचा पासपोर्ट अडेल का? पहिल्या दोघांचं उत्तर एका ओळीत: तिथेच करा आणि नाव आहे तेच ठेवा. तिसऱ्याला वेळ लागेल, कारण खरी गोम तिथेच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे पासपोर्ट करणं हा हौसेचा मामला आहे. आता जळगावला पोस्टातलं केंद्र आहे, नाशिकला मोठं सेवा केंद्र आहे, पूर्वीसारखं मुंबई गाठावं लागत नाही, हे खरं. पण दिवाळीत निम्मे दिवस ऑफिसं बंद, उरलेल्यात अपॉइंटमेंट मिळेल ती घ्यायची, मग पोलीस व्हेरिफिकेशन, आणि तुमचं परतीचं तिकीट ठरलेलं. एवढी जोखीम कशाला? मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही आत्ताच करू शकता. मेपर्यंत थांबण्यात आणखी एक तोटा आहे. बरेच देश आणि विमान कंपन्या सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात आणि जर्मनीत रेसिडेन्स परमिटचं कार्ड पासपोर्टच्या मुदतीपलीकडचं सहसा देत नाहीत. कार्ड वाढवायची वेळ जवळ आली असेल तर आधी पासपोर्ट, मग कार्ड.

अर्ज सरकारी पासपोर्ट पोर्टलवर भरायचा (पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना, तेवढं बघा, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट्स आहेत) आणि कागद तुमचं राज्य ज्या कार्यालयाच्या हद्दीत येतं तिथे द्यायचे: बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक इथलं कॉन्सुलेट. जुना पासपोर्ट, त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांच्या झेरॉक्स, रेसिडेन्स परमिट, अनमेल्डुंगचा (जर्मनीतल्या पत्त्याच्या नोंदणीचा) कागद, फोटो. फोटोचं माप कॉन्सुलेटच्या यादीतलं घ्या, दुकानदाराला जर्मन पासपोर्टचं माप पाठ असतं आणि तो तेच काढून देतो. नवीन पुस्तिका नव्या नंबरची येते, जुनी कोपरा कापून परत मिळते. ती टाकू नका, तिच्यात चालू व्हिसा असेल तर प्रवासात दोन्ही सोबत लागतात.

आता नाव. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असं कुठेही नाही. आपल्याकडे बाईचं नाव बदलतं ते नुसतं आडनाव नाही, मधलं वडिलांचं नावही जातं आणि नवऱ्याचं येतं. पासपोर्टात स्वतःचं आणि मधलं नाव एकाच रकान्यात असतं, त्यामुळे एका फटक्यात दोन्ही रकाने बदलतात आणि जर्मन यंत्रणेला तुम्ही नव्या बाई वाटता. रेसिडेन्स कार्ड, बँक, क्रांकनकासे (आरोग्य विमा), पगाराचं खातं, डिग्री, सगळीकडे दुरुस्ती. हे करायचंच असेल तर सवडीने, वेगळं करा. तुमचं काम नवऱ्याचं नाव जोडीदाराच्या रकान्यात घालून भागतं, तो शेवटच्या पानावर वेगळा असतो आणि तुमच्या नावाला धक्का लावत नाही. त्यासाठी लग्नाचा दाखला लागेल की दोघांच्या सहीचं जोडपत्र चालेल, ते तुमच्या कॉन्सुलेटच्या यादीत बघा. ग्रामसेवकाने दिलेला दाखला मराठीतच असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. आणि मधल्या नावात 'भास्कर'चं 'भास्करराव' झालेलं नाही ना, हे आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे हा 'राव' कारकुनाच्या मर्जीने लागतो आणि जातो. फॉर्म भरताना जुन्या पासपोर्टातलं स्पेलिंग अक्षरशः उतरवा, शाळेच्या दाखल्यातला आडनाव-आधी क्रम नको.

हो, एक बारीक गोष्ट. जर्मनीत टपाल फ्लॅट नंबरावर नाही, पत्रपेटीवरच्या नावावर पोचतं. पेटीवर फक्त मिस्टरांचं आडनाव असेल आणि पाकीट तुमच्या माहेरच्या नावाने आलं, तर पोस्टमन ते परत नेतो. पासपोर्ट पोस्टाने मागवणार असाल तर आजच पेटीवर तुमचं आडनाव चिकटवा.

पत्त्याचं म्हणाल तर पासपोर्टवर जर्मनीचा पत्ता घेता येतो आणि पारोळ्याचं माहेर भारतातला कायमचा पत्ता म्हणून राहू द्या. साध्या अर्जात गावाकडे चौकशी जाईलच असं नाही, कॉन्सुलेट ठरवतं. पण गेली तर ठाण्यातून किंवा पोलीस पाटलांमार्फत घरी विचारणा होते, "तुमनी पोर कोठे शे?" आणि आपले अण्णा सरळ मनाने सांगतात, "ती आते आठे नही ऱ्हास." झालं, शेरा पडतो की अर्जदार पत्त्यावर राहत नाही. अण्णांना आधीच फोन करून ठेवा. खोटं काहीच सांगायचं नाही, पुरं सांगायचं: "पोर आमनीच शे, लगीन करीसन जर्मनीले गयी." जुन्या पासपोर्टाची आणि जर्मन कार्डाची झेरॉक्स घरात असू द्या. व्हेरिफिकेशन मॅनेज करून देतो म्हणणारे एजंट तालुक्याला भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

मिस्टरांची केस. पहिली गोष्ट, 'केस आहे' म्हणजे नक्की काय आहे ते शोधा. बांधावरून बाचाबाची झाली, दोन्ही बाजू ठाण्यात गेल्या, जुन्या दंड संहितेतलं 323, 504, 506 (मारहाण, अपमान, धमकी) लागलं असं सगळे सांगतात. 1 जुलै 2024 नंतरचं भांडण असेल तर हीच कलमं नव्या न्याय संहितेत 115(2), 352, 351(2) अशी दिसतील. पण यातलं बरंचसं एनसी असतं, म्हणजे अदखलपात्र नोंद. गावात तिलाही केसच म्हणतात आणि भाऊबंद तर मुद्दाम म्हणतात. पासपोर्ट कायदा 1967 चं कलम 6(2)(एफ) बघतं ते फौजदारी कोर्टात चालू असलेला खटला. नुसती एनसी म्हणजे खटला नाही. नुसता एफआयआरसुद्धा नाही, कोर्टाने दखल घेतलेली असावी लागते. ई-कोर्ट्सच्या साइटवर अमळनेर कोर्ट निवडून नावाने शोधा. खटला असेल तर सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) आणि पुढची तारीख तिथेच दिसते, जर्मनीतून दहा मिनिटांचं काम आहे.

खटला निघालाच तर दोन वाटा. पहिली, त्याच कोर्टातून पासपोर्टसाठी परवानगी घ्यायची. 25 ऑगस्ट 1993 ची जीएसआर 570(ई) ही अधिसूचना यासाठीच आहे: कोर्टाचा आदेश दाखवला की पासपोर्ट मिळतो, पण आदेशात जेवढी मुदत असेल तेवढ्याच मुदतीचा. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर एकच वर्षाचा. म्हणून वकिलाला अर्जात 'दहा वर्षांसाठी' हे शब्द घालायला सांगा. कोर्ट दहा देईलच असं नाही, पण न मागता तर नक्कीच देणार नाही. मिस्टरांना यायला जमणार नसेल तर वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून पाठवता येतं.

दुसरी वाट मला जास्त पटते, ती म्हणजे मिटवणं. वरची कलमं तडजोडीने मिटणारी आहेत (506 चं पहिलं, साध्या धमकीचंच), तालुका कोर्टात लोकअदालत भरते तिथे दोन्ही पक्ष राजी असतील तर विषय संपतो. चुलत्याशी बोलायला तुमचे सासरे नको, गावातला दोघांना मानणारा कोणी मध्ये घाला. मात्र काठी-कुऱ्हाड निघाली होती आणि 324 (हत्याराने दुखापत) लागलंय, तर खालच्या कोर्टात तडजोड होत नाही, तेव्हा परवानगीचीच वाट धरा आणि हायकोर्टातून खटला रद्द होईल का ते वकिलाला विचारा.

आणि फॉर्ममध्ये खटल्याबद्दल प्रश्न असतो, तिथे खटला असताना 'नाही' लिहू नका. गावाकडचे हुशार लोक सांगतील, जर्मनीत कोण बघतंय. माहिती दडवली म्हणून पासपोर्ट जप्त होऊ शकतो आणि पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. बांधाच्या भांडणापेक्षा ते महाग पडेल.

तुमचा अर्ज मिस्टरांच्या केससाठी थांबवू नका, दोन्ही वेगळे आहेत. ई-कोर्ट्सवर काय दिसतं ते इथे लिहा, कलमं आणि टप्पा सांगितलात की पुढचं बोलू. एनसी निघाली तर पुढे काही करायचंच नाही.